कोआला खरंच नामशेष झाला का?

कोआला म्हणजे अस्वल नव्हे, पोटपिशवीवाल्या वॉम्बॅटचा भाऊबंद, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. घोळ होतो तो आकड्यांचा, आणि त्याहून जास्त एका शब्दाचा.

मे 2019 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका संवर्धन संस्थेने पत्रक काढलं: देशात फार तर 80,000 कोआला उरलेत, प्राणी 'फंक्शनली एक्स्टिंक्ट' झालाय. नोव्हेंबरात न्यू साउथ वेल्सची जंगलं पेटली, भाजलेल्या कोआलाला बाटलीने पाणी पाजतानाचे व्हिडिओ फिरले आणि त्यांच्या जोडीने तो दावाही पुन्हा जगभर गेला. या संज्ञेत प्राणी जिवंत असतो. पण इतका विरळ, की रानातलं त्याचं काम थांबतं किंवा पुढची पिढी तगत नाही. एखाद्या तालुक्याएवढ्या रानातल्या कोआलांना हे लागू पडेलही. अख्ख्या जातीला, संस्थेचाच आकडा धरला तरी, नाही. शास्त्रज्ञांनी तेव्हाच तसं सांगितलं. मराठीत तर पंचाईत आणखी मोठी: 'कार्यात्मकदृष्ट्या' लिहा नाहीतर काहीही लिहा, 'नामशेष' वाचलं की आपल्याला चित्ता आठवतो.

तरी पत्रकाला निव्वळ अफवा म्हणणं अन्यायाचं होईल. क्वीन्सलंड, न्यू साउथ वेल्स आणि राजधानीच्या प्रदेशातला कोआला 2012 मध्ये 'असुरक्षित' यादीत गेला, फेब्रुवारी 2022 मध्ये 'संकटग्रस्त' झाला. झाडतोड, रस्ते, कुत्री, क्लॅमिडिया नावाचा जिवाणूंचा आजार, सगळं एकदमच अंगावर आलं. व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया मात्र त्या यादीबाहेर. तिथे काही रानांत कोआला इतके, की झाडं खाऊन बोडकी करतात.

ही फाळणी जुन्या शिकारीतून आलेली. कातड्यासाठी क्वीन्सलंडात 1927 च्या एकाच मोसमात लाखो कोआला मारले गेले. दक्षिणेत तर त्याआधीच जवळजवळ सुपडा साफ झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व्हिक्टोरियाच्या किनाऱ्याजवळच्या 'फ्रेंच आयलंड' या बेटावर मोजके कोआला सोडलेले, ते वाचले. पुढे त्यांचीच पिल्लावळ मुख्य भूमीवर नेऊन वसवली. म्हणून दक्षिणेत डोकी भरपूर, पण बहुतेकांचं रक्त एकाच घरातलं. संख्येकडे बोट दाखवून निर्धास्त राहणाऱ्यांना हे सोयीस्करपणे दिसत नाही. 2025 मध्ये व्हिक्टोरियातल्या बुज बिम उद्यानात आगीनंतर शेकडो कोआला हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून मारले. यातनांतून सोडवलं, असं सरकारचं म्हणणं. त्यावरून वाद पेटला.

जाता जाता, त्या बाटलीविषयी. कोआला पाणी पीतच नाही, हा समज चुकीचा. बरंचसं पाणी त्याला निलगिरीच्या पाल्यातूनच मिळतं, पण पाऊस लागला की तो गुळगुळीत खोडावरून ओघळणारं पाणी चाटत बसतो. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत ते नोंदलंय. मान खाली घालून पिणारा हा प्राणी. तोंड वर करून बाटली ओतली, तर पाणी फुप्फुसात जाऊ शकतं. म्हणून तिथले पशुवैद्य सांगतात, उथळ भांडं समोर ठेवा आणि बाजूला व्हा.