हायडॅटिड सिस्ट (जनावरांमधली)

म्हशी, शेळ्या-मेंढ्या, डुकरं यांच्या फुफ्फुसात नाहीतर लिव्हरमध्ये इकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या टेपवर्मची अळी जी पाण्याने भरलेली गाठ तयार करते ती हायडॅटिड सिस्ट. पूर्ण वाढलेला जंत राहतो कुत्र्याच्या आतड्यात, लांबी जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर, आणि त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यावर, चाऱ्यातून जनावराच्या पोटात जातात. माणसालाही होते, पण ती वेगळी नोंद.

मुंबईत ही बघायची जागा म्हणजे देवनारचा कत्तलखाना, १९७१ पासूनचा. तपासणीत फुफ्फुस हाताने दाबलं की कडक, टरटरीत फुगलेलं काहीतरी लागतं, चिरलं तर स्वच्छ पाणी जोरात उडतं आणि आतून शहाळ्याच्या मलईसारखा पांढरा पापुद्रा सुटून येतो.

खरी मजा या पापुद्र्यात आहे, पाण्याचंच कौतुक जास्त होतं ते सोडा. त्यात पेशी नसतात, तो साखरेच्या साखळ्या लटकलेल्या म्युसिन प्रोटीनचा बनलेला असतो, आणि त्यात कॅल्शियमसोबत इनॉसिटॉल हेक्साफॉस्फेटचे बारीक कण असतात, म्हणजे आपल्या डाळी-धान्यात असतं तेच फायटेट, प्राण्याच्या शरीरात पेशीबाहेर असं साठलेलं सहसा सापडत नाही. शिवाय ही भिंत जनावराच्याच रक्तातलं फॅक्टर एच हे प्रोटीन स्वतःवर चिकटवून घेते, त्यामुळे कॉम्प्लिमेंटचा, म्हणजे रक्तातल्या परक्यांवर तुटून पडणाऱ्या प्रोटीनांचा, हल्ला थंड पडतो आणि गाठ वर्षानुवर्षं निवांत वाढत राहते. पापुद्र्याच्या आत पातळ जर्मिनल थर, सिस्टचा जिवंत भाग तोच, पुढच्या जंतांची डोकी त्यातूनच तयार होतात आणि तळाला जमली की त्याला हायडॅटिड वाळू म्हणतात. गाईबैलांत बऱ्याच गाठी वांझ निघतात, त्यात ही डोकी नसतातच. मेंढीतल्या मात्र बहुतेक वेळा सुपीक.

अळीला एनर्जीसाठी ग्लुकोज आणि साठवलेलं ग्लायकोजन. ऑक्सिजन असला तर वापरायचा, नसला तर मॅलेटवरून फ्युमरेट आणि तिथून सक्सिनेट अशा, क्रेब्स सायकलच्या (पेशीच्या नेहमीच्या एनर्जी-चक्राच्या) उलट्या वाटेने जायचं, त्यामुळे बाहेर लॅक्टेट, ॲसिटेट, सक्सिनेट पडतात. फॅटी ॲसिड आणि कोलेस्टेरॉल मात्र याला मुळापासून बनवताच येत नाही! ते सगळं जनावराकडून, आणि वाहतुकीला अँटिजेन बी नावाचं लिपोप्रोटीन, तेच रक्ततपासणीतही उपयोगी पडतं. पाण्यात सोडियम-क्लोराइड, थोडं ग्लुकोज, आणि जनावराचंच अल्ब्युमिन आणि अँटिबॉडी पण सापडतात.

अल्बेंडाझोल हे जंताचं औषध अळीच्या ट्युब्युलिनला, म्हणजे पेशीचा सांगाडा बनवणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं, मग ग्लुकोज आत घेणं बिघडतं. पण जनावरात गाठ कळते ती बहुधा कापल्यावरच, त्यामुळे औषध द्यायचं ते कुत्र्याला, प्राझिक्वांटेल, आणि गाठीचं फुफ्फुस-लिव्हर जाळायचं किंवा खोल पुरायचं, कत्तलखान्याबाहेरच्या कुत्र्यांना फेकायचं नाही.