पोर शिकायला इंग्लंडला, मग तिथली घरपट्टी कोण भरणार?

सांगलीत भाड्याने राहणाऱ्याच्या मनात घरपट्टीचा विचारही येत नाही. विश्रामबागेतल्या फ्लॅटची आकारणी महापालिका मालकाच्या नावावर करते, बिल मालकाला येतं, थकलं तर नोटीसही त्यालाच. भाडेकरूने भाडं, लाइटबिल आणि सोसायटीचा मेंटेनन्स बघायचा. हाच हिशेब डोक्यात ठेवून आपली मुलं इंग्लंडला जातात आणि पहिल्या दोन महिन्यांत दाराच्या फटीतून आत पडलेलं एक पाकीट पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर कचऱ्यात टाकतात. माझ्या पुतणीने तेच केलं. पाकिटावर तिचं नाव नव्हतं, ‘द ऑक्युपायर’ एवढंच छापलेलं. फोनवर मला म्हणाली, "काका, आम्ही भाडेकरू आहोत. घरपट्टी मालक भरतो की!"

तिथे तसं नसतं. ऑक्युपायर म्हणजे त्या घरात राहणारा, आणि तिकडचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे कौन्सिलची (तिथल्या महापालिकेची) घरपट्टी, साधारणपणे राहणाऱ्यालाच भरावी लागते. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये हा कर १९९३ पासून आहे. उत्तर आयर्लंडची पद्धत वेगळी, तिला रेट्स म्हणतात. कचरा, रस्त्यांवरचे दिवे, पोलीस, अग्निशमन असा खर्च या करातून चालतो. इंग्लंडमध्ये घराची १ एप्रिल १९९१ रोजी जी किंमत असती त्यावरून ए ते एच यांपैकी एक बँड, म्हणजे कराचा गट, ठरतो. २०२५-२६ मध्ये डी बँडचा सरासरी वार्षिक कर २,२८० पौंड होता. मुलं राहतात ती जुनी चाळवजा घरं बहुधा ए किंवा बी बँडची असतात. ए चा कर डी च्या दोन तृतीयांश, म्हणजे १,५२० पौंडांच्या घरात. पौंड ११५ रुपये धरला तरी पावणेदोन लाख झाले. म्हणून विद्यार्थ्यांना या करात मिळणारी माफी नीट समजून घेण्यासारखी आहे.

माफी पूर्णवेळ विद्यार्थ्याला मिळते. कोर्स किमान एका शैक्षणिक वर्षाचा हवा, वर्षातले किमान २४ आठवडे चालणारा हवा आणि सत्र चालू असताना आठवड्याला सरासरी किमान २१ तास वर्ग, अभ्यास वा प्रात्यक्षिक असायला हवं. पदवी, मास्टर्स, पीएचडी सहसा यात बसतात. पार्टटाइम कोर्स बसत नाही. विद्यार्थी आठवड्याला २० तास एखाद्या दुकानात काम करतो म्हणून माफी जात नाही. आणि ही गोष्ट आपल्या लोकांना पटायला वेळ लागतो, पण इथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तहसील नाही, सेतू केंद्र नाही, प्रतिज्ञापत्र नाही. वडिलांची द्राक्षबाग दोन एकरांची की वीस एकरांची, हे कुणी विचारत नाही.

विद्यापीठाच्या वसतिगृहात, म्हणजे हॉलमध्ये, राहणाऱ्यांना बहुधा काहीच करावं लागत नाही. ते घरच करमुक्त असतं. खरी गुंतागुंत बाहेर घर घेऊन एकत्र राहणाऱ्यांची.

घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर बिल शून्य. पुतणीच्या घरात चौघं होती. तिघं शिकणारी आणि एक विट्याचा मुलगा, कोर्स संपवून नोकरीला लागलेला. एक जरी प्रौढ व्यक्ती विद्यार्थी नसेल तर घराची पूर्ण माफी जाते आणि २५ टक्के सवलत मिळते. म्हणजे १,५२० चे १,१४० पौंड. अशी माणसं दोन किंवा जास्त असतील तर विद्यार्थ्यांमुळे मिळणारी सवलतही संपली.

हे १,१४० भरायचे कुणी? चौघांचीही नावं भाडेकरारात असली तरी इंग्लंड आणि वेल्समध्ये विद्यार्थी असलेल्यांवर या कराची जबाबदारी येत नाही. कायद्याने ती त्या नोकरी करणाऱ्या एकट्यावर. पण गावाकडचा मित्र, रोज एकत्र आमटीभात खाणारा, त्याला "तूच भर" म्हणायला जीभ रेटत नाही. पोरांनी चौघांत वाटून घेतलं. ते त्यांचं आपसातलं. मला वाटतं, घर घेतानाच हा विषय काढावा आणि नोकरीवाल्याच्या भाड्याचा वाटा त्या मानाने ठरवावा. नंतर बोलणं अवघड जातं. खोली-खोली वेगवेगळ्या करारावर दिलेल्या घरात मात्र कर सहसा घरमालकाच्या अंगावर असतो, तेव्हा करारात तो भाड्यात धरलाय का ते वाचून घ्यावं.

विद्यार्थ्याचा नवरा किंवा बायको सोबत असेल, ती व्यक्ती ब्रिटिश नागरिक नसेल आणि व्हिसाच्या अटीनुसार तिला काम करता येत नसेल किंवा सरकारी भत्ते घेता येत नसतील, तर तिचीही मोजणी विद्यार्थ्यासारखीच होते. त्यासाठी तिच्या व्हिसाचा पुरावा द्यावा लागतो.

आता अर्ज. माफी आपोआप मिळते असं धरून बसू नका. काही विद्यापीठं स्थानिक कौन्सिलला यादी पाठवतात, तरी खात्री करून घ्यावी. घर कोणत्या कौन्सिलच्या हद्दीत येतं ते सरकारी संकेतस्थळावर पोस्टकोड टाकून कळतं. मग त्या कौन्सिलच्या संकेतस्थळावर विद्यार्थी सवलतीचा फॉर्म भरायचा. मुख्य कागद एकच, विद्यापीठाचं विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र. कौन्सिल टॅक्ससाठीचं म्हणून मागायचं. त्यावर कोर्सचं नाव, पूर्णवेळ असल्याचा उल्लेख, सुरू आणि संपण्याची तारीख असते. बहुतेक ठिकाणी ते विद्यार्थ्याच्या पोर्टलवरून डाउनलोड होतं. ऑफर लेटर किंवा ओळखपत्राचा फोटो पाठवून भागेलच असं नाही. घरातल्या प्रत्येकाचं प्रमाणपत्र स्वतंत्र लागतं, आणि एकाने आळस केला तर सगळ्यांचं अडतं. बिल आलं असेल तर त्यावरचा खाते क्रमांक द्यायचा. भाडेकराराची प्रत जवळ ठेवा, राहायला आल्याची तारीख त्यावरूनच ठरते.

तारखांकडे लक्ष द्या, चुका तिथेच होतात. कोर्स सुरू व्हायच्या आधीचे दिवस विद्यार्थी म्हणून धरत नाहीत. भाडेकरार १ सप्टेंबरचा आणि कोर्स २२ तारखेचा असेल तर मधल्या तीन आठवड्यांचं बिल येऊ शकतं. शेवटच्या टोकालाही तेच. पदवी संपून मास्टर्स सुरू होईपर्यंतचा काळ माफीत येत नाही. कोर्स संपल्यावर नोकरी शोधण्यासाठी ग्रॅज्युएट व्हिसा घेतला की माणूस विद्यार्थी उरत नाही, मग नोकरी लागलेली असो वा नसो. घरातली परिस्थिती बदलली तर २१ दिवसांत कळवायचं असतं. इंग्लंडमध्ये न कळवल्यास ७० पौंड दंड होऊ शकतो.

बिल आलं आणि ते चुकीचं वाटलं तर गप्प बसणं सगळ्यात महाग पडतं. आपल्याकडे थकबाकीदार वर्षानुवर्षं नोटिसा गोळा करत बसतो, मग एखादी अभय योजना येते आणि शास्तीत सूट मिळते. तिथे कर साधारण एप्रिल ते जानेवारी अशा दहा हप्त्यांत असतो. हप्ता चुकला की स्मरणपत्र येतं, सात दिवसांची मुदत असते, आणि तेही हुकलं तर उरलेल्या वर्षाची सगळी रक्कम एकदम देय होते. पुढे मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स, त्याचा खर्च वेगळा. पुतणीचं प्रकरण स्मरणपत्रावर थांबलं. तिने त्याच दिवशी ईमेल केला आणि तिघांची प्रमाणपत्रं जोडली. सुधारित बिल विट्याच्या मुलाच्या नावावर २५ टक्के वजा होऊन आलं. मागची तारीख धरूनही माफी लागू करता येते, पण विद्यापीठ सोडून वर्ष उलटल्यावर जुनं प्रमाणपत्र द्यायला विद्यापीठ नकार देऊ शकतं.

टीव्ही लायसन्स, म्हणजे टीव्ही बघण्याचा परवाना, ही वेगळी भानगड. त्याला विद्यार्थी म्हणून माफी नाही, हे इथेच सांगून टाकतो, कारण दोन्ही पाकिटं सारखीच दिसतात.

घर सोडताना कौन्सिलला तारीख कळवून शेवटचं बिल मागून घ्या. कुणी जास्त भरलं असेल तर परतावा मिळतो, पण तो सहसा तिथल्या बँक खात्यावर. सांगलीला कायमचं परतायचं असेल तर खातं बंद करण्याआधी हे काम उरका.