ईएने काढला म्हणजे ईएने बनवला नव्हे

ठाण्याहून ऐरोली-रबाळ्याकडे जाणाऱ्या सकाळच्या लोकलमध्ये गेमवर वाद सुरू झाला की एक वाक्य हमखास कानावर येतं: "मोठ्या कंपन्यांकडून आता नवीन काही येत नाही, जे येतंय ते इंडीवाल्यांकडूनच." इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या मालकीचे नसलेले छोटे स्टुडिओ. दोन स्टेशनं गेली की तोच माणूस 'इट टेक्स टू' या गेमची तारीफ करत असतो आणि "ईएने एकदाच काहीतरी चांगलं बनवलं बघ" असंही ऐकवतो (ईए म्हणजे इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, गेम बाजारात आणणारी बडी अमेरिकन कंपनी). दोन्ही वाक्यं एकाच तोंडची, आणि दोन्ही चूक.

पब्लिशर म्हणजे कोण हे वाशीच्या कुठल्याही गेमिंग कॅफेत बसणाऱ्या पोराला माहीत असतं, त्यामुळे ते पटकन उरकतो. पैसा, जाहिरात, रिलीजची तारीख, गेमची मशीनं विकणाऱ्या सोनी-मायक्रोसॉफ्टकडच्या तपासण्या, दुकानांत माल पोचवणं, हे पब्लिशरचं काम. कोड, चित्रं, लेव्हल आणि मुळात खेळायचं कसं ही कल्पना, हे स्टुडिओचं. गडकरी रंगायतनमधून बाहेर पडताना "निर्मात्याने काय लिहिलंय राव!" असं कोणी म्हणत नाही. गेमच्या बाबतीत मात्र खोक्यावर मोठा लोगो दिसला की सगळं श्रेय आणि सगळ्या शिव्या त्या लोगोला.

एवढं बहुतेकांना समजावलं की पटतं. गोची पुढे आहे. स्टुडिओ वेगळा आहे हे कळलं, तरी तो स्टुडिओ पब्लिशरच्या मालकीचा आहे की फक्त कराराने बांधलेला, हे कोणी विचारत नाही. मोठे पब्लिशर नवीन काही देऊ शकतात का, या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथेच दडलंय.

ईएचंच उदाहरण घ्या, कारण इतकी स्वच्छ जोडी दुसरीकडे मिळत नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये ईएने व्हिसरल गेम्स हा स्टुडिओ बंद केला. 'डेड स्पेस' (२००८) बनवणारा, ईएच्या घरचा स्टुडिओ. तो तेव्हा स्टार वॉर्सवर गेम बनवत होता. तो कथेवर चालणारा, सरळ रेषेत पुढे जाणारा गेम होतोय, आणि लोक पुन्हा पुन्हा परत येतील अशा धाटणीकडे वळायला हवं, असा ईएच्या निवेदनाचा सूर होता. म्हणजे एकदा खेळून संपणारा गेम आम्हाला नको.

आता गंमत बघा. त्याच २०१७ च्या जूनमध्ये, त्याच ईएने 'अ वे आउट' जाहीर केला होता आणि मार्च २०१८ मध्ये तो काढलासुद्धा. तोही कथेवर चालणारा, सरळ रेषेतला, एकदा खेळून संपणारा. वर एकट्याने खेळताच येत नाही, शेजारी किंवा ऑनलाइन दुसरा माणूस हवाच. दोघांपैकी एकाने विकत घेतला की दुसऱ्याने फुकट खेळायचं! धंद्याच्या हिशोबाने बघितलं तर व्हिसरलच्या गेमपेक्षा हा जास्त वेडगळ. पण तो बनवला स्टॉकहोमच्या हेझलाइटने. तो स्टुडिओ ईएचा नाही. ईएने पैसे लावले, गेम बाजारात आणला, एवढंच. पुढे 'इट टेक्स टू' (२०२१) आणि 'स्प्लिट फिक्शन' (२०२५) याच वाटेने आले. 'इट टेक्स टू'ला त्या वर्षीच्या द गेम अवॉर्ड्समध्ये गेम ऑफ द इयर मिळालं.

व्हिसरलच्या गेमचा आणि 'अ वे आउट'चा खर्च सारखा नव्हता, हे मान्य. स्टार वॉर्सचं नाव घेतलं की रकमेला शून्यं चढत जातात. पण माझा मुद्दा त्यानेच पक्का होतो. बाहेरच्या स्टुडिओशी करार करताना पब्लिशरचं नुकसान ठरावीक रकमेत अडकलेलं असतं, आणि 'हे असं का?' असं विचारायचा हक्क करारात लिहिला असेल तेवढाच. घरच्या स्टुडिओत पगार दर महिन्याला जातात, शेअरहोल्डरांना दर तिमाहीला उत्तर द्यायचं असतं, आणि कोणत्याही मीटिंगमध्ये दिशा बदलता येते. सोनीचे आकडे कोर्टाच्या कागदांतून २०२३ मध्ये बाहेर आले: घरच्या स्टुडिओत बनलेल्या 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चा खर्च सुमारे २२ कोटी डॉलर. इतके पैसे लागलेले असताना 'चला, काहीतरी करून बघू' असं म्हणणारा मॅनेजर मला तरी दाखवा.

म्हणजे घरच्या स्टुडिओतून नवीन काही येतच नाही? येतं की. इथेच इंडीभक्त मंडळींशी माझं बिनसतं. २०१४ चा 'शॅडो ऑफ मॉर्डर' घ्या. वॉर्नर ब्रदर्सच्या मालकीच्या मोनोलिथ स्टुडिओने त्यात 'नेमेसिस' नावाची यंत्रणा बनवली. ज्या ऑर्कने (राक्षसासारख्या शत्रूने) तुम्हाला मारलं त्याला बढती मिळते, पुन्हा गाठ पडली की तो मागची आठवण काढून टोमणे मारतो. तुम्ही त्याला भाजलं असेल तर तो भाजलेल्या चेहऱ्यानेच परत येतो. आधी कोणी लिहून न ठेवलेलं वैर खेळता खेळता तयार होतं. हे गॅरेजमधल्या दोघांनी केलेलं नाही, पैसेवाल्या पब्लिशरच्या घरात झालंय. खरंखुरं नवीन.

पुढे काय झालं? २०१७ च्या 'शॅडो ऑफ वॉर'मध्ये तीच यंत्रणा आली, पण सोबत खऱ्या पैशांनी विकत घ्यायच्या लूट बॉक्सचं (आत काय निघेल ते नशिबावर, अशा पेट्यांचं) दुकानही आलं. इतकी बोंब झाली की २०१८ मध्ये ते दुकान काढून टाकावं लागलं. २०२१ मध्ये वॉर्नरला नेमेसिसचं अमेरिकन पेटंट मिळालं. त्यानंतर ती यंत्रणा घेऊन त्यांचा एकही गेम बाजारात आला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मोनोलिथच बंद केला, त्यांचा 'वंडर वुमन' गेमही रद्द. कल्पना ज्यांना सुचली ती माणसं पांगली, आणि पेटंट राहिलं कंपनीच्या कपाटात. मोठे पब्लिशर कल्पनेला जन्म देऊ शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांनी हे प्रकरण नीट वाचावं. जन्म दिला होता हो, सांभाळता आली नाही.

निन्टेन्डोला या हिशोबात धरू नका, असं मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कोणीतरी 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' (२०१७) पुढे करतोच. निन्टेन्डो पब्लिशर आहे, स्टुडिओ आहे आणि गेम खेळायचं मशीनही तोच विकतो. 'स्प्लाटून'सारखा (२०१५) शाई उडवण्याचा विचित्र खेळ मशीन खपवायच्या कामी येत असेल, तर त्याचा हिशोबच वेगळा होतो. सोनीच्या घरातली टीम असोबी थोडी तशीच: साठ-सत्तर जणांची टीम, आणि 'ॲस्ट्रो बॉट'ने २०२४ चा गेम ऑफ द इयर नेला. छोटी टीम, आटोपशीर खर्च, मालक मशीनवाला. तिन्ही जुळलं तर घरातही जमतं.

युबिसॉफ्ट या फ्रेंच पब्लिशरच्या बाबतीत घोळ सगळ्यात वाईट, कारण तिथे स्टुडिओंची नावंही युबिसॉफ्टच. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' मालिकेतल्या 'द सँड्स ऑफ टाइम'चा रिमेक २०२० मध्ये जाहीर झाला तेव्हा काम पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. ट्रेलर बघून लोकांनी नाकं मुरडली, तारखा पुढे ढकलल्या, आणि २०२२ मध्ये काम माँट्रियलकडे गेलं. "आपल्याच लोकांनी वाट लावली" हे वाक्य मी ठाण्यात इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं उठतं. माणसं किती द्यायची, वेळ किती द्यायचा, जाहीर कधी करायचं, हे घरच्या स्टुडिओत शेवटी मालक ठरवतो. त्याच मालिकेतला 'द लॉस्ट क्राउन' जानेवारी २०२४ मध्ये आला, बनवला युबिसॉफ्टच्याच माँपेलिएच्या स्टुडिओने. आत्ता ओलांडता न येणारी जागा दिसली की बटण दाबायचं, त्या जागेचा फोटो नकाशावरच चिकटतो. एवढीशी सोय, पण मागे फिरून पुन्हा त्याच जागी यावं लागणारे गेम खेळणाऱ्यांची वर्षानुवर्षांची डोकेदुखी संपली. त्याच वर्षी ती टीम दुसऱ्या कामांवर वाटून टाकली.

बाकीचे दोन गैरसमज किरकोळ. नवीन नाव म्हणजे नवीन खेळ नव्हे: सोनीचा 'कॉन्कॉर्ड' नावाने कोरा होता, खेळायला ओळखीचा, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये येऊन दोन आठवड्यांत बंद पडला. आणि पिक्सेलवाली चित्रं म्हणजे इंडी नव्हे. 'डेव्ह द डायव्हर' नेक्सॉनसारख्या बलाढ्य कंपनीच्या घरातून आला, तरी २०२३ मध्ये त्याला उत्कृष्ट इंडी गेमचं नामांकन मिळालं. परीक्षकच फसतात तिथे लोकलमधल्या माणसाला काय बोलायचं.

स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर डेव्हलपर आणि पब्लिशर अशा दोन ओळी वेगवेगळ्या असतात, तेवढ्या तरी वाचा. मालक कोण ते तिथे लिहिलेलं नसतं, ते शोधावं लागतं, आणि ते मधेच बदलतंही. 'हाय-फाय रश' जानेवारी २०२३ मध्ये आला: तालावर मारामारी, आधी एका शब्दाची जाहिरात नाही, जाहीर झाला त्याच दिवशी विक्रीला. बनवला टोकियोच्या टँगो गेमवर्क्सने, काढला बेथेस्डाने, मालक मायक्रोसॉफ्ट. गेम गाजला, हे मायक्रोसॉफ्टच्याच माणसाने जाहीरपणे सांगितलं होतं. तरी मे २०२४ मध्ये स्टुडिओ बंद करत असल्याची घोषणा झाली. ऑगस्टमध्ये त्या टीमला आणि गेमच्या हक्कांना घेतलं क्राफ्टनने. हो, तीच बीजीएमआय या मोबाइल गेमवाली क्राफ्टन, जिला आपल्याकडची पोरं फक्त स्किन (पात्रांचे कपडे-सजावट) विकणारी कंपनी समजतात.