टॉवेलच्या घड्या घालणारी आणि सीट शिवणाऱ्या: ‘नॉर्मा रे’ आणि ‘मेड इन डॅगनहॅम’

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या गल्लीत गेल्या उन्हाळ्यात मी दोन सिनेमे दाखवले. दोन्ही इंग्रजी. मी मधेमधे थांबवून मराठीत सांगत होते, आणि पलीकडच्या घरातली पोरगी तेच म्हाताऱ्यांना तेलुगूत सांगत होती. महिनाभराने शेजारच्या अक्का विड्या वळता वळता म्हणाल्या, “ती टेबलावर चढून पाटी धरणारी बाई गं, तिलाच नंतर मंत्रीणबाईंनी बोलावून घेतलं ना?”

पाटी धरणारी अमेरिकेची, मंत्रीणबाई इंग्लंडच्या. अक्कांच्या डोक्यात दोन्ही सिनेमांचा एकच झाला होता. असं व्हायला जागा आहे. दोन्हीकडे कारखाना आहे, लेकुरवाळी बाई पुढे येते, घरी नवरा कुरकुरतो, यंत्रं बंद पडतात आणि शेवटी बायका जिंकतात. तरीही हे दोन लढे एक नाहीत, आणि ते का नाहीत हे आमच्या गल्लीतल्या बायकांना नीट कळावं असं मला फार वाटतं.

‘नॉर्मा रे’ १९७९ चा, मार्टिन रिट यांचा. सॅली फील्डला यासाठी ऑस्कर मिळालं. नॉर्मा कापडगिरणीत काम करते. तिच्या गावात युनियन नाही. ती उभी करायला न्यूयॉर्कहून एक संघटक येतो, आणि अख्खा सिनेमा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: कामगारांना एकत्र यायचा हक्क आहे की नाही? पगार किती वाढणार, हा मुद्दा जवळजवळ येतच नाही.

यामागची खरी बाई क्रिस्टल ली सटन. नॉर्थ कॅरोलिनातल्या रोआनोक रॅपिड्स गावात जे. पी. स्टीव्हन्स कंपनीच्या गिरणीत ती टॉवेलच्या घड्या घालायची. हे सांगितलं तेव्हा खोलीत एकदम कुजबुज झाली, कारण बसलेल्यांपैकी निम्म्या जणींच्या घरात कुणी ना कुणी टॉवेलच्या कामाला आहे. १९७३ साली कंपनीने फळ्यावर एक नोटीस लावली. युनियन आली तर काळे कामगार तुमच्या डोक्यावर बसतील, अशा अर्थाची. गोऱ्यांना काळ्यांपासून फोडायचा डाव होता. सटनने ती नोटीस कागदावर लिहून घेतली म्हणून तिला कामावरून काढलं. जाताना तिने पुठ्ठ्यावर ‘युनियन’ एवढा एकच शब्द लिहिला आणि ती टेबलावर चढून उभी राहिली.

सिनेमात हा प्रसंग येतो तेव्हा बोलणं जवळजवळ नाहीच. आधी मागांचा खडखडाट इतका की कानठळ्या बसाव्यात. मग एक माग थांबतो, दुसरा थांबतो, आणि शेवटी सगळी शांतता. यंत्रमागाच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला ती शांतता समजावून सांगावी लागत नाही. आमच्याकडे लाइट गेल्यावर तशी शांतता पडते, पण माणसांनी आपल्या हाताने यंत्र बंद केल्यावर पडलेली शांतता वेगळी असते.

सिनेमा मतदानाच्या निकालावर संपतो. प्रत्यक्षातही १९७४ मध्ये कामगारांनी युनियनच्या बाजूने कौल दिला, पण कंपनीशी करार व्हायला १९८० उजाडलं.

आता दुसरा. ‘मेड इन डॅगनहॅम’ २०१० चा, नायजेल कोल यांचा. लंडनजवळच्या डॅगनहॅममध्ये फोर्डच्या कारखान्यात गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायकांनी जून १९६८ मध्ये संप केला. इथली नायिका रिटा ओग्रेडी ही खरी व्यक्ती नाही, अनेकींची मिळून एक केलेली आहे. नॉर्मासारखं तिच्यामागे एकटं नाव शोधू नये.

फरकाचं मूळ इथे आहे. डॅगनहॅममध्ये युनियन आधीपासून आहे, बायका तिच्या सभासद आहेत, वर्गणी भरतात. नॉर्मासाठी युनियन हे मुक्कामाचं गाव होतं, आणि या बायका तिथूनच निघतात. त्यांचं पहिलं भांडण कंपनीशी असलं तरी निम्मं बळ आपल्याच पुरुष पुढाऱ्यांना हलवण्यात जातं. बायकांच्या संपाने सीट संपल्या, गाड्या अडकल्या आणि पुरुषांचंही काम बंद झालं, तेव्हा शेजारीपाजारी, नवरे सगळेच तोंड फिरवतात. रिटाचा नवरा म्हणतो की मी कधी दारू पिऊन आलो नाही, कधी हात उचलला नाही. ती त्याला म्हणते, असंच तर असायला हवं, त्यात उपकार कसले? इथे आमच्या खोलीत टाळ्या पडल्या.

आणि मागणी काय होती? बहुतेक लोक सांगतात, समान वेतन. अर्धंच खरं आहे. भांडण सुरू झालं ते दर्जावरून. फोर्डने शिवणकाम कमी कौशल्याच्या ‘बी’ वर्गात टाकलं होतं. बायकांचं म्हणणं, हे ‘सी’ वर्गाचं, कुशल काम आहे. त्यातही बायकांना ‘बी’ वर्गातल्या पुरुषांच्या ८५ टक्केच दर मिळे. मंत्री बार्बरा कॅसल मध्ये पडल्या, तीन आठवड्यांनी संप मिटला, दर ९२ टक्क्यांवर गेला, आणि १९७० मध्ये ब्रिटनमध्ये समान वेतनाचा कायदा आला. एवढं सगळं झालं, पण ज्यासाठी त्या उठल्या होत्या तो ‘सी’ वर्ग मिळाला नाही. त्यासाठी १९८४ मध्ये पुन्हा संप करावा लागला. सिनेमा इतक्या आनंदात संपतो की ही गोष्ट बघणाऱ्याच्या हातून निसटते. मला तो दोष वाटतो.

आमच्याकडे दोन्ही प्रश्न एकाच घरात राहतात. अक्कांचा नॉर्माचा प्रश्न केव्हाच सुटलाय. विडी कामगार बायकांनी लाल बावट्याखाली मोर्चे काढले, आणि कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत २००६ मध्ये उभी राहिली. पण त्यांच्या लेकीला, टॉवेलच्या घड्या घालणारीला, युनियन हा शब्द मालकासमोर काढायची भीती वाटते. १९२६ च्या कायद्याने सात जण मिळून युनियन नोंदवायला अर्ज करू शकत होते, हे तिला माझ्याकडूनच कळलं.

सून गणवेश शिवते. तिचा प्रश्न सरळ डॅगनहॅमचा. आपल्याकडे १९७६ मध्ये समान वेतनाचा कायदा झाला, पण समान म्हणजे कुणाच्या? शिवायला सगळ्या बायकाच असतील तर बरोबरी करायला पुरुष आणायचा कुठून? किमान वेतनाच्या तक्त्यात कुशल, अर्धकुशल, अकुशल असे रकाने असतात. कॉलर बिनचूक बसवणारा हात कोणत्या रकान्यात जातो, त्यावर पगार ठरतो. पान कापून, तंबाखू मोजून भरून, हजार विड्या एकसारख्या वळणाऱ्या बोटांचंही तेच. याला कौशल्य म्हणायचं की बायकांच्या हाताची सवय?

मी हे सगळं अक्कांना पुन्हा सांगितलं. त्यांनी सुपातल्या विड्या मोजायचं थांबवलं नाही.

“तो सी वर्ग मिळायला किती वर्षं लागली म्हणालीस?”

“सोळा.”

“आणि त्याआधीही त्या तसंच शिवत होत्या?”

“तसंच.”

त्यांनी शेवटच्या विडीला दोरा गुंडाळला, तोंड दुमडलं आणि सुनेला हाक मारली. “तुझ्या सुट्टीच्या दिवशी त्या शिवणवाल्यांचा लावायला सांग. मी मागच्या वेळी मधेच झोपले होते.”