आधी पार्ट, मग मिसळ : जावा-येझदी क्लबांची पार्श्वभूमी

जुलैच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दोन-दोन सायलेन्सरच्या जुन्या मोटारसायकली कुठे रांगेने उभ्या दिसल्या, तर समजायचं की आज जावा दिवस. २००३ पासून हा रविवार भारतातले आणि बाहेरचेही जावावाले पाळत आले आहेत. युरोपात तेव्हा उन्हाळा असतो, आपल्याकडे धो-धो पाऊस. सहा व्होल्टच्या कमजोर बॅटरीवर चालणाऱ्या गाडीसाठी याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही. तरी लोक येतात, प्लगच्या टोपीवर प्लॅस्टिक गुंडाळून येतात.

वर्तमानपत्रांत दुसऱ्या दिवशी चकचकीत टाक्यांचे फोटो छापून येतात आणि खाली ‘जुन्या आठवणींना उजाळा’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. आठवणी आहेतच. पण या जावा-येझदीवाल्यांचे क्लब आठवणींपायी जन्मले नाहीत. ते जन्मले पार्ट मिळेनात म्हणून.

जावा मूळची प्रागची. शस्त्रांच्या धंद्यातल्या फ्रांतिशेक यानेचेक यांनी १९२९ मध्ये वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकल विभाग विकत घेतला, तिथून ही गाडी सुरू झाली. भारतात ती आयात होऊन येत असे. पन्नाशीच्या दशकात सरकारने आयातीवर बंधनं आणली आणि परदेशी परवाना घेऊन इथेच गाड्या बनवायचा काळ आला. मद्रासला एन्फिल्ड, फरिदाबादला राजदूत, आपल्या भांडुपला लॅम्ब्रेटा, आकुर्डीला बजाज, सगळे त्याच लाटेतले. जावाच्या आयातीत असलेल्या रुस्तम इराणी आणि फारुख इराणी यांनी कारखान्यासाठी म्हैसूर निवडलं. यादवगिरीतल्या आयडियल जावामधून १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. १९७३ मध्ये टाकीवरचं नाव बदलून येझदी झालं, १९७८ मध्ये रोडकिंग आली.

गाडी म्हणाल तर विचित्रच. एक सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. डाव्या बाजूला एकच दांडी : आत दाबून वर फिरवली की किक, पुन्हा पुढे आणली की गिअर. गिअरवर पाय दाबला की क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे क्लचची तार तुटली तरी माणूस घरी पोचतो. चावी म्हणजे खिळ्यासारखी एक सळई, आणि ती शेजाऱ्याच्या गाडीलाही चालते! पेट्रोलमध्ये लिटरमागे साधारण ४० मिली ऑइल मिसळायचं. या सगळ्याची सवय झालेल्या माणसाला दुसरी गाडी बेचव लागते, असं जावावाले म्हणतात. बुलेटवाले अर्थातच हे मान्य करत नाहीत.

मग १९८५ साल आलं. हिरो होंडाची सीडी १०० लिटरला ८० किलोमीटरची जाहिरात करत होती. येझदी त्याच्या निम्म्यावरही अडखळायची. ज्यांना वेग हवा होता त्यांना त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० मिळाली, वजनाला हलकी आणि हाताला चपळ. धुराचे नियम कडक होत गेले, म्हैसूरचा कारखाना डबघाईला आला आणि १९९६ मध्ये बंद पडला.

इथून पुढचा काळ या क्लबांच्या जन्माचा, आणि मला सगळ्यात रंजक वाटतो तोही हाच. कंपनी नाही, डीलर नाही, पण गाड्या घराघरांत उभ्या. वडिलांची गाडी आहे म्हणून विकवत नाही, आणि विकायची तर भंगाराच्या भावाने. पुण्यातला माणूस नाना पेठेतल्या दुकानांत क्लचप्लेट विचारत फिरायचा, नाहीतर रविवारी जुन्या बाजारात ताडपत्रीवर मांडलेल्या लोखंडाच्या ढिगात हात घालायचा. मुंबईकर चोरबाजार आणि कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. जे मिळत नाही ते लेथवर करून घ्यायचं. कोल्हापूरचं उद्यमनगर त्यासाठी सोयीचं, तिथे बुश, म्हणजे फिरत्या भागाभोवती बसणारी धातूची नळी, काढून देणारा टर्नर शोधावा लागत नाही. पण एका बुशसाठी टर्नर मशिन लावणार नाही, दहांची ऑर्डर द्या म्हणणार. दहा बुश म्हणजे दहा गाडीवाले. ते गोळा करता करता एकमेकांचे नंबर झाले, मिस्त्रींचे पत्ते फिरू लागले, रविवारी भेटायचं ठरू लागलं. क्रँकशाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या मुख्य दांड्याचं, काम जाणणारे मिस्त्री तेव्हाही मोजके होते आणि त्यांचं वय वाढत होतं. मिस्त्री सांभाळणं हेही क्लबचंच काम होऊन बसलं.

इंग्लंडात हीच गोष्ट पन्नास वर्षं आधी घडली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मोटारसायकली नाहीशा होत चालल्या, म्हणून सी. ई. ‘टिच’ ॲलन यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये व्हिंटेज मोटर सायकल क्लब स्थापन झाला. त्यांची १९४९ पासूनची बॅनबरी रन आजही निघते आणि तिच्यात १९३१ पूर्वीच्याच गाड्या घेतात. आपल्याकडे एवढा काटेकोरपणा नाही. जावाच्या रांगेत राजदूत, आरएक्स, एखादी लॅम्ब्रेटा घुसली तरी कुणी हाकलत नाही. फार तर चहाच्या वेळी टोमणे.

राइडचा साचा ठरलेला. पहाटे जमायचं, सिंहगड, पानशेत, ताम्हिणी किंवा वाईच्या बाजूला निघायचं, वाटेत मिसळ, दुपारच्या आत परत. गाड्या घाटात मध्येच थांबतात ते फोटोसाठी, असं बघणाऱ्याला वाटतं. चढात थांबतात ते इंजिन गार व्हायला. खरी काळजी मात्र उताराची. या टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. उतारावर ॲक्सिलेटर मिटला की पेट्रोल तुटतं, म्हणजे ऑइलही तुटतं, पण चाक इंजिनाला फिरवतच राहतं. पिस्टन तापतो आणि धरतो, म्हणजे सिलिंडरात अडकून बसतो, गाडी धावत असताना मागचं चाक जाम. म्हणून जाणकार माणूस ताम्हिणी उतरताना मधूनमधून क्लच दाबून रेस देतो. नवख्याला हे कोणी पुस्तकातून शिकवत नाही. पुढे एक जुना गडी, मधे नवखा, मागे पाना-पकड आणि जादा प्लग घेतलेला दुसरा जुना गडी, अशी रांग लावतात.

मिसळीच्या हॉटेलाबाहेर एखाद्या गाडीच्या सीटवर फडकं पसरलं जातं : पॉइंटचा सेट, कार्बोरेटरचे जेट, कुठून तरी मिळालेली मूळ हेडलाइटची काच. अर्धी राइड या फडक्यासाठी असते. बायकामुलं आली की कार्यक्रम बदलतो. थंडीत हुरडा पार्टी, पावसाळ्यात भुट्टे, कुणाची गाडी घरच्या लग्नात नवरदेवाला. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत गिरगाव-डोंबिवलीला नऊवारीतल्या बायका बुलेटवर दिसतात, तशा हल्ली जावावरही दिसल्या तर बरं होईल. पण किक डावीकडून मारायची, ती आधी शिकवावी लागेल.

२०१८ मध्ये महिंद्राच्या पाठबळावर क्लासिक लेजंड्सने जावा नव्याने आणली, २०२२ मध्ये येझदी. इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने गार होणारं. जुन्या गाडीला त्याचा एक स्क्रूही बसत नाही. या नव्या गाड्यांना भेटीगाठींत घ्यायचं का, यावर वाद झाले. माझ्या मते घ्यावं. त्या चालवणाऱ्या पोरांनाच पुढे जुनी गाडी हवीशी वाटते.

सध्याचा खल नोंदणीचा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. या हिशेबाने १९७३ ची येझदी २०२३ मध्ये पन्नाशीची झाली, पहिल्या रोडकिंगला २०२८ उजाडावं लागेल. गोम अशी की व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. मग रविवारची मिसळ रॅलीत धरायची की रोजच्या वापरात? आमच्याकडच्या बहुतेकांनी हा प्रश्न आरटीओला विचारलेलाच नाही. ते ग्रीन टॅक्स भरून दर पाच वर्षांनी साधीच नोंदणी पुढे वाढवून घेतात.