गरोदरपणातील तंबाखूमुक्ती (पुणे)

गरोदरपणातील तंबाखूमुक्ती : दिवस गेल्याचे कळल्यावर, शक्य तर त्याआधीच, स्त्रीने सिगारेट, बिडी, मिश्री, तंबाखू-चुना, गुटखा यांपैकी जे चालू असेल ते पूर्ण थांबवणे, घरातल्या इतरांच्या धुरापासून तिला दूर ठेवणे आणि बाळंतपणानंतर ती सवय परतू न देणे. या विषयावरचे जगातले बहुतेक संशोधन सिगारेट ओढणाऱ्या स्त्रियांवर झालेले आहे. पुण्यात ते जसेच्या तसे लागू होत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने २०१६-१७ मध्ये केलेल्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील १४.२ टक्के प्रौढ स्त्रिया कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होत्या. धूम्रपान करणाऱ्या मात्र २ टक्केच होत्या. महाराष्ट्रातही स्त्रियांचा तंबाखू मुख्यतः बिनधुराचा, आणि त्यातही मिश्रीचा वाटा मोठा. म्हणून पुण्यात गर्भवतीला फक्त ‘सिगारेट ओढता का?’ असे विचारणे म्हणजे ज्यांना मदतीची सर्वाधिक गरज आहे त्यांनाच वगळणे होय.

मिश्री आणि तिचे घरातले स्थान : तंबाखू लोखंडी तव्यावर काळा होईपर्यंत भाजून, कुटून केलेली भुकटी म्हणजे मिश्री (मशेरी, मिसरी). ती बोटाने दातांना व हिरड्यांना चोळतात आणि बराच वेळ तोंडात ठेवतात. सुरुवात बहुधा दात घासण्यासाठी होते, तीही लहानपणी, आई किंवा आजीच्या डबीतून. पुढे सकाळची एक वेळ दिवसातून चार-पाच वेळांवर जाते. तरीही ती लावणारी बाई स्वतःला व्यसनी समजत नाही. ‘तंबाखू नाही हो ताई, नुसती मिश्री लावते,’ हे उत्तर आशा कार्यकर्त्यांना नवे नाही. यात लबाडी नाही. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे पुरुषांनी मळून दाढेखाली धरायची वस्तू, आणि मिश्री म्हणजे दंतमंजन. म्हणून नाव नोंदवतानाचा प्रश्न ‘दात कशाने घासता?’ इथून सुरू करणे सर्वांत उपयोगी. त्यामागोमाग ‘दिवसातून किती वेळा?’ हे विचारले की उरलेले चित्र आपोआप समोर येते.

सिगारेटचा प्रश्न पुण्यात नाही असे नव्हे. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांबाहेरच्या टपऱ्यांवर चहाबरोबर सिगारेट घेणाऱ्या तरुणींनाही दिवस जातात, आणि त्यांची अडचण वेगळी असते : सासरी कुणाला ठाऊक नसते. सासू किंवा नवरा शेजारच्या खुर्चीत बसलेला असताना तपासणीच्या खोलीत ‘हो’ म्हणणे तिला शक्यच नसते. हा प्रश्न एकटीला, दार लावून विचारायचा असतो. शहराच्या पूर्व भागात घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायकांचा गटही लक्षात घ्यायला हवा. त्या तंबाखू खात नसल्या तरी त्याची धूळ दिवसभर त्यांच्या नाकातोंडात जाते आणि हाताच्या त्वचेतूनही निकोटिन शरीरात शिरते.

गर्भावर होणारे परिणाम : निकोटिन वारेतून सहज पलीकडे जाते, गर्भाच्या रक्तातले त्याचे प्रमाण आईच्या रक्ताइतके किंवा थोडे जास्तच असते. त्याने रक्तवाहिन्या आकसतात आणि वारेकडे जाणारे रक्त घटते. सिगारेट-बिडीच्या धुरात याखेरीज कार्बन मोनॉक्साइड असतो. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, त्यामुळे बाळापर्यंत पोहोचणारा ऑक्सिजन कमी पडतो. मिश्रीत धूर नाही, म्हणून हा वायू नाही. पण निकोटिन आहे, आणि ते हळू चढून जास्त वेळ रक्तात टिकते. तंबाखूतले कॅडमियम वारेत साठते.

सिगारेट आणि अपुऱ्या दिवसांचे बाळंतपण यांचा संबंध १९५७ मध्ये कॅलिफोर्नियातील सिम्पसन यांनी प्रथम ठळकपणे मांडला. त्यानंतरच्या अभ्यासांतून धूम्रपान करणाऱ्या आईचे बाळ सरासरी २०० ग्रॅमच्या आसपास हलके भरते, वार वेळेआधी सुटणे किंवा खाली असणे, गर्भनलिकेत गर्भ राहणे, मृतजन्म, दुभंगलेला ओठ आणि झोपेतला अचानक बालमृत्यू यांचा धोका वाढतो, हे दिसून आले. बिनधुराच्या तंबाखूबद्दलचा महत्त्वाचा पुरावा आपल्या शेजारचा आहे. २००४ मध्ये मुंबईतील १,२१७ गर्भवतींच्या पाहणीत मिश्री व तत्सम तंबाखू घेणाऱ्यांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि गर्भकाळ सुमारे सहा दिवसांनी कमी आढळला. मुंबईतल्याच पुढच्या अभ्यासांत मृतजन्माचा धोका वाढलेला दिसला, आणि अशा स्त्रियांत रक्तक्षयही अधिक आढळला.

शंभर ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील सहा गावांत केलेल्या मातृपोषण अभ्यासात पूर्ण दिवसांच्या बाळांचे सरासरी वजन २,६६५ ग्रॅम होते. कमी वजनाच्या बाळाची सीमा २,५०० ग्रॅमची. सरासरीच जिथे सीमारेषेच्या एवढी जवळ आहे, तिथे शंभर ग्रॅमची घट अनेक बाळांना रेषेखाली ढकलते. युरोपातल्या सव्वातीन किलोच्या बाळाला जे वजन गमावणे निभते, ते इथल्या बाळाला निभत नाही. ‘मूल लहान राहिले तर बाळंतपण सोपे जाते’ हा समज काही घरांत अजून आहे. तो धोकादायक आहे : हलके बाळ लवकर गारठते, नीट ओढून दूध पीत नाही आणि त्याला जंतुसंसर्ग लवकर होतो.

केव्हा सोडावे : आज. ब्रिटनमध्ये १९५८ साली झालेल्या मोठ्या प्रसूती-पाहणीची माहिती पुढे तपासली गेली, तेव्हा चौथा महिना संपण्याआधी सिगारेट सोडणाऱ्या मातांचा धोका न ओढणाऱ्यांच्या जवळ येतो असे १९७२ मध्ये दिसून आले. याचा अर्थ चौथ्या महिन्यानंतर उपयोग नाही असा मुळीच नव्हे. बाळाचे बरेचसे वजन शेवटच्या तीन महिन्यांत वाढते, आणि कार्बन मोनॉक्साइड तर एक-दोन दिवसांतच रक्तातून निघून जातो. सातव्या-आठव्या महिन्यात सोडणाऱ्या बाईलाही ‘आता काय उपयोग’ असे म्हणू नये.

‘एकदम सोडले तर बाळाला धक्का बसतो’ हे पुण्यातल्या वस्त्यांत आणि सोसायट्यांतही ऐकू येते. त्याला वैद्यकीय आधार नाही. सोडताना चिडचिड, झोपमोड, डोकेदुखी होते ती आईला. पहिला आठवडा सर्वांत अवघड असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक त्रास ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटांचीच असते. ती डोहाळा नव्हे, तेव्हा ती पुरवण्याची गरज नाही.

गरोदरपणातच हे जास्त अवघड का जाते : या काळात शरीर निकोटिनचा निचरा नेहमीपेक्षा बराच जलद करते, एरवीच्या मानाने हा वेग दीडपटीहून जास्त असतो. साहजिकच तलफ लवकर येते. एरवी दिवसात तीनदा मिश्री लावणारी बाई गरोदरपणात पाचदा लावू लागली, तर तिचा निश्चय कच्चा आहे असे समजू नये. तिच्या शरीरातच तेवढा बदल झालेला असतो, आणि तिला रागावण्याआधी हे तिच्या घरच्यांना सांगणे गरजेचे आहे.

मिश्रीच्या बाबतीत आणखी दोन अडथळे येतात, आणि सिगारेट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या परदेशी पुस्तिकांत त्यांना फारशी जागा नसते. पहिला पोटाचा. ‘मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रार खरी असते, कारण निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवते. ते थांबले की बद्धकोष्ठ होते. त्यात गरोदरपणाने आतडी आधीच मंदावलेली आणि वर लोहाच्या गोळ्या. सोडण्याचे बरेच निर्धार या एका तक्रारीवर मोडलेले असतात. म्हणून सोडण्याच्या दिवसापासूनच सकाळी उठल्यावर कोमट पाणी, ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, पेरू किंवा इतर फळे, आणि गरज पडल्यास डॉक्टरांना विचारून इसबगोल, अशी सोय करावी. दुसरा अडथळा दातांचा. गरोदरपणात हिरड्या सुजतात, रक्त येते. मिश्रीने ठणका तात्पुरता बधिर होतो आणि मिश्री औषध वाटते. दंतवैद्याकडे जाण्याने हा प्रश्न सुटतो, आणि चौथा ते सहावा महिना त्यासाठी सोयीचा असतो. गरोदर बाईने दाताला हात लावू नये हा समज चुकीचा आहे.

तोंडात काहीतरी हवे असेल तर बडीशेप, लवंग, आवळकाठी चालते. सुपारी नको. तंबाखू नसलेली सुपारीही बाळाच्या वजनाला बाधते.

मदतीची पद्धत : जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये या विषयावर शिफारशी दिल्या. प्रत्येक गर्भवतीला पहिल्या भेटीत आणि पुढच्या प्रत्येक भेटीत तंबाखूबद्दल व घरातल्या धुराबद्दल विचारावे, आणि सोडू पाहणारीला समुपदेशन द्यावे, हा त्यांचा गाभा. व्हेरेनिक्लीन आणि ब्युप्रोपिऑन ही तंबाखू सोडवण्यासाठीची औषधे गरोदरपणात नकोत, असे संघटना स्पष्ट म्हणते. निकोटिनचे च्युइंगम व पट्टी यांबद्दल मात्र तिने बाजूने किंवा विरुद्ध निर्णय दिलेला नाही. ब्रिटनमध्ये ती गर्भवतींना देखरेखीखाली दिली जातात. पुण्यात औषधांच्या दुकानातून निकोटिन गम परस्पर आणून खाणे टाळावे, प्रसूतितज्ज्ञांशी बोलूनच ठरवावे. ई-सिगारेट हा पर्याय नाही. २०१९ पासून तिची विक्री देशात बंद आहे, आणि तिच्यातही बहुधा निकोटिनच असते.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्र परदेशी दवाखान्यांत सर्रास वापरतात. मिश्री त्यात सापडत नाही. बिनधुराचा तंबाखू कळण्यासाठी लघवीतले किंवा लाळेतले कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) पाहावे लागते. प्रत्यक्षात विश्वासाने विचारलेला प्रश्न त्याहून स्वस्त पडतो.

पुण्यात यासाठी वेगळी यंत्रणा उभारावी लागत नाही. महापालिकेची प्रसूतिगृहे, कमला नेहरू रुग्णालय, ससून, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण रुग्णालय आणि ग्रामीण भागातली प्राथमिक आरोग्य केंद्रे इथे गर्भवती तपासणीला येतातच. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन यांच्या रांगेत मिश्रीचा प्रश्न बसवायला दोन मिनिटे पुरतात. १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनीसेवा निःशुल्क आहे. येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केले. स्त्रियांसाठी तिथे ‘निशिगंध’ हा विभाग आहे. केवळ मिश्री किंवा सिगारेट सोडण्यासाठी भरती व्हावे लागत नाही, पण दारू किंवा इतर व्यसनाची जोड असेल तर अशा ठिकाणी जाण्यात संकोच करू नये.

घरच्यांचा वाटा : नवरा घरात सिगारेट किंवा बिडी ओढत असेल, तर एका खोलीच्या घरात खिडकी उघडून काहीच साधत नाही. त्याच्या धुरानेही बाळाचे वजन घटते आणि मृतजन्माचा धोका वाढतो. त्याने त्याच काळात सोडणे हे सर्वांत चांगले. ते जमेपर्यंत घराबाहेर ओढणे हे किमान. मिश्रीच्या बाबतीत सासूची डबी महत्त्वाची. सासू सकाळी अंगणात मिश्री लावत बसलेली असताना सुनेने एकटीने सोडावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. डबी निदान नजरेआड ठेवावी.

कायदा : दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास १९९२ पासून बंदी आहे. घरी भाजलेली आणि सुटी विकली जाणारी मिश्री तिच्यातून निसटते. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावरील नियम २ ऑक्टोबर २००८ पासून लागू आहेत. घराच्या चार भिंतींत यातले काहीच पोहोचत नाही.

बाळंतपणानंतर : गरोदरपणात तंबाखू सोडलेल्या स्त्रियांपैकी निम्म्याच्या आसपास वर्षभरात पुन्हा सुरू करतात, असा इतर देशांचा अनुभव आहे. आपल्याकडे यात माहेरची भर पडते. पहिलटकरीण सातव्या महिन्यानंतर माहेरी जाते, सव्वा महिना किंवा अधिक राहते, आणि जिथे मिश्री पहिल्यांदा हाताला लागली त्याच घरात परत येते. तिथे डॉक्टर बदलतात, आशा बदलते, आधीची नोंद मागे राहते. म्हणून माता-बाल संरक्षण कार्डावरच ‘मिश्री सोडली’ आणि तारीख असे लिहून ठेवणे चांगले. माहेरच्या आशाला आणि आईलाही ते वाचता येते.

अंगावर पाजणाऱ्या आईच्या दुधात निकोटिन तिच्या रक्तातल्यापेक्षा जास्त प्रमाणात उतरते. तरीही ज्या आईला सोडणे जमलेले नाही, तिने स्तनपान थांबवू नये. दुधाचे फायदे मोठे आहेत. पाजून झाल्यावरच तंबाखू घ्यावा, पुढच्या पाजण्यापर्यंत जमेल तेवढे अंतर ठेवावे, आणि धूर बाळाच्या खोलीत नेऊ नये. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लसींसाठी बाळ दवाखान्यात येतेच. त्या तिन्ही वेळा बाळाबरोबर आईलाही मिश्री-सिगारेटबद्दल विचारावे, आणि पुन्हा सुरू झाली असेल तर त्याच दिवशी नव्याने मदत सुरू करावी.