‘इंटर्नशिप टॉपर्सचीच’ हा गैरसमज

“संशोधनाची इंटर्नशिप हे टॉपर्सना मिळणारं बक्षीस. बाकीच्यांनी आधी मार्क सुधारावेत.” वर्षानुवर्षं ऐकू येणारं हे वाक्य चुकीचं आहे, आणि ज्यांना संधीची सर्वांत जास्त गरज असते त्यांनाच ते दाराबाहेर ठेवतं.

अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशन ही संशोधनाला निधी देणारी सरकारी संस्था 1987 पासून पदवीच्या मुलांना संशोधनात उतरवतं, बहुतेकदा उन्हाळ्यात, आणि विद्यावेतनही देतं. ते वेतन मोलाचं. सुट्टीत काम करून फी जमवणाऱ्याला बिनपगारी प्रयोगशाळा परवडत नाही.

पण खरा मुद्दा ओळखीचा, म्हणजे त्या क्षेत्रातले लोक तुम्हाला आपल्यातले मानतात का, याचा. हायडी कार्लोन आणि अँजेला जॉन्सन या शिक्षण-संशोधकांनी 2007 मध्ये विज्ञानात यशस्वी झालेल्या 15 गौरेतर स्त्रियांचा अभ्यास मांडला. ज्ञान होतं, कामगिरीही होती; तरी काहींना जाणत्यांनी ‘आपल्यातली’ मानलंच नाही, आणि त्यांची वाट खडतर झाली. इंजिनिअरिंगमध्येही हेच घडतं.

प्रयोगशाळेतला एक क्षण डोळ्यांसमोर आणा. ऑसिलोस्कोपवर, म्हणजे विजेचा सिग्नल पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावर, लहर वेडीवाकडी येते आहे. गाईड यंत्राच्या प्रोबला (सिग्नल टिपणाऱ्या वायरीला) हात न लावता विचारतात, “तुला काय वाटतं, गडबड कुठे असेल?” मुलगी वायरी चाचपते, ग्राउंडची सुटलेली क्लिप शोधते. लहर सरळ होते. घरात तिच्याआधी कुणी इंजिनिअर झालेलं नसेल, तर असा प्रश्न तिला पहिल्यांदाच कुणी विचारलेला असतो.

अर्थात, नुसती डेटा एंट्री करून घेतली तर यातलं काहीच घडत नाही.